बादलीसकट

६ जानेवारी

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायचं असतं, ते आज लिहीत नाही. राग उतरला की पुढच्या पत्रात दोनदा लिहीन. फोन करणार होते, पण मी आवाज चढवला की तू ‘ऐकू येत नाही, ऐकू येत नाही’ म्हणत फोन वहिनीच्या हातात देतोस. कागद तसा देता येणार नाही.

तुझ्या चिंगीने पुढच्या खोलीतल्या नव्या पडद्यांचा फोटो पाठवला. पडदे चांगले आहेत. पण पडद्यांच्या बाजूला, भिंतीवर, चौकटीत मी टांगलेली दिसले. अर्धीच.

तो फोटो मी तुला दोन महिन्यांपूर्वी किती हौसेने पाठवला होता! आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचा वर्षातून एकदा फोटो काढतात. मी मधोमध उभी आहे, एक हात मॉपच्या दांड्यावर, दुसरा बादलीच्या कडेवर, आणि शेजारी मोठे सर्जन. त्यांनीच मला मध्ये ओढलं होतं. तू कात्री घेतलीस आणि मला छातीखाली कापून टाकलंस. मॉप गेला, बादली गेली, माझे दोन्ही हात गेले. उरलं काय, तर हिरवी टोपी, हसरं तोंड आणि शेजारी सर्जन. बघणाऱ्याला वाटावं, दोघंही आत्ताच कुणाचं तरी पोट शिवून आलेत.

मी काय काम करते ते पुन्हा लिहिते, कारण गेल्या तीन वर्षांत तू ते विसरायचा फार कष्टाने प्रयत्न केला आहेस. मी ऑपरेशन थिएटर साफ करते. एक पेशंट बाहेर गेला आणि दुसरा आत यायचा, या मधल्या वेळात ती खोली माझी असते. आधी वरचे दिवे, मग टेबल, टेबलाची गादी दोन्ही बाजूंनी, मग गाड्यांची चाकं, आणि शेवटी फरशी, लांबच्या कोपऱ्यापासून दाराकडे. औषधाचं पाणी फरशीवर दहा मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, घाई करून कोरडं करायचं नाही. मग दारावरच्या कागदावर मी सही करते. माझ्या सहीशिवाय त्या खोलीत ऑपरेशन सुरू होत नाही. एकदा दिव्याच्या खालच्या बाजूला मला एक डाग दिसला आणि मी सही केली नाही. सर्जन हात वर धरून दाराबाहेर उभे राहिले, मी पुसेपर्यंत. मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं, तेवढं पदवी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आणि तू माझे हात कापलेस. माझा फोटो लावायचा तर पूर्ण लाव, नाहीतर काढून टाक.

छोटी

*

१७ जानेवारी

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. मी रीत सोडत नाही, तू सोडलीस तरी.

तुझं पत्र वहिनीसमोर उघडलं आणि पहिल्या ओळीलाच मिटलं. मोठ्या भावाला असं लिहितात? मी खात्यात बत्तीस वर्षं काढली, एका वरिष्ठाला असं लिहिलं नाही, आणि त्यातले काही तर लिहिण्याच्याच लायकीचे होते.

फोटो चौकटीत बसत नव्हता, म्हणून कापला. बरं, हे तुला पटणार नाही. तर खरं ऐक. बाबा शिपाई होते. साहेबांचा डबा, साहेबांची छत्री, साहेबांच्या बायकोची खरेदी. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. ते शिपायाचा सदरा कचेरीतच बदलायचे आणि पिशवीत, वर्तमानपत्राखाली घालून घरी आणायचे. गल्लीतल्या लोकांना कळू नये म्हणून. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं, तरीसुद्धा. ती पिशवी मी पाहिली आहे. म्हणून तुला शिकवलं. दहा वर्षं तू मुलांच्या शिकवण्या घेतल्यास, चार लोक तुला ‘बाई’ म्हणून मान द्यायचे. आणि तू परदेशात जाऊन हातात काय धरलंस, तर मॉप. वर फोटो पाठवतेस!

मी कुणाला एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही. विचारलं की सांगतो, ऑपरेशन थिएटरमध्ये असते, तिच्या सहीशिवाय ऑपरेशन होत नाही. हे तुझेच शब्द आहेत, तू तिकडे गेल्या-गेल्या पहिल्या पत्रात लिहिले होतेस. आता लोकांनी त्यातून काय समजायचं ते लोक समजतात. मी प्रत्येकाला थांबवून बादलीचं सांगत बसू?

आणि तिकडच्या लोकांचं फार कौतुक सांगू नकोस. आपल्याकडे कामाच्या बाईला आपण मावशी म्हणतो. वीस वर्षं मावशी आपल्या घरात आहेत. त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे जेवायला गेलो होतो, वहिनी दर महिन्याला जुनं काही ना काही देते. त्या घरच्याच आहेत. तुला तिथे ‘थँक यू’ म्हणतात. चांगलं आहे. पण उद्या तू चार दिवस कामावर गेली नाहीस, तर तुझं घर कुठल्या रस्त्याला आहे हे तरी त्यातल्या एकाला माहीत आहे का? तुझा पत्ता कोणाकडे आहे? तेवढं कळव.

चिंगीच्या लग्नाचं बोलणं चाललं आहे. चांगलं घर आहे. म्हणून सांगतो, सध्या जरा जपून.

दादा

ता. क. समोरच्या इमारतीत एक ओळखीच्या बाई आहेत. साखरेचा त्रास आहे. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरत नाही, कड काळी पडायला लागली आहे. इथले डॉक्टर अंगठा काढा म्हणतात. तुमच्या तिकडे अशा वेळी काय करतात? सहज विचारतो, घाई नाही.

*

२८ जानेवारी

दादा,

तू नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. ठेव. खोटं कशाला बोलू? माझा पत्ता इथे कुणाकडे नाही. मी हॉस्पिटलची माणूस नाही, एका एजन्सीची आहे, आणि एजन्सीकडे माझा फक्त फोन नंबर आहे. पहाटे मेसेज येतो, आज नको, उद्या ये. गेल्या हिवाळ्यात मला आठ दिवस ताप होता. ज्यांनी मला फोटोत मध्ये ओढलं ते सर्जन नवव्या दिवशी म्हणाले, सुट्टी कशी झाली? एवढंच. बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग थिएटर दोन पुसलं. औषधाच्या पाण्याने हातांच्या भेगा बुजत नाहीत. पगारात घरभाडं भागत नाही, म्हणून आम्ही तिघी एका खोलीत राहतो. हे सगळं मी तुला लिहीत नव्हते, कारण तुला ते हवंच होतं. घे, मिरव.

पण एक सांगते. मी घरी येते ती अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी, बसमधून. छातीवर माझं नाव लिहिलेलं असतं. कुणी सरकून बसत नाही. मला पिशवीत वर्तमानपत्राखाली काही लपवावं लागत नाही. बाबांची ती पिशवी मलाही आठवते, दादा. तुला वाटतं बाबांना सदऱ्याची लाज होती. त्यांना गल्लीची भीती होती. आता ती गल्ली तू झाला आहेस.

आणि मावशी घरच्या आहेत म्हणतोस? घरची माणसं खुर्चीवर बसतात. मावशी वीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारात खाली बसून चहा पितात, आणि त्यांचा कप खिडकीत पालथा असतो, बाकीच्या कपांत नाही. त्यांची चप्पल दाराबाहेर, आणि दिवसभर अनवाणी ओल्या फरशीवर. मला इथे पहिल्या दिवशी रबरी बूट दिले, बुटांशिवाय आत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा मला मावशींचे पाय आठवले. मी पुसायला लागले की इथले लोक दाराशी जाऊन उभे राहतात. आपल्याकडे मावशी पुसायला आल्या की आपण काय करतो? पाय वर घेतो. हातातला पेपर खाली घेत नाही.

त्या समोरच्या बाईंचं. माझ्याकडून निरोप दे, जसाच्या तसा. मी डॉक्टर नाही, मी फरशी पुसते. पण फरशी पुसणाऱ्या बाईला जे दिसतं ते सांगते. काम झालं की थिएटरमधून जे जे बाहेर न्यायचं ते पिशवीत बंद करून मी नेते. वेळेत आलेल्या माणसाचा अंगठा जातो, ती पिशवी हाताला लागतसुद्धा नाही. ‘बघू, थांबू’ म्हणत आलेल्यांची पिशवी दोन्ही हातांनी उचलावी लागते. काळी कड दिसली म्हणजे थांबायचे दिवस संपले. त्यांना म्हणावं, उद्या नाही, आज जा.

माझा फोटो अजून तिथेच आहे का?

छोटी

*

९ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. भांडण पुरे. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, तिघी एका खोलीत राहता ते वाचून. तू परत ये. तुझी खोली तशीच आहे.

आता चांगली बातमी. चिंगीला बघायला ती मंडळी वीस तारखेला येणार. मुलाचे वडील मोठे इंजिनिअर, बोलणं एकदम मोजूनमापून. फोनवर तुझी चौकशी केली. मी सांगितलं, थिएटरमध्ये असते, तिच्या सहीशिवाय पान हलत नाही. गृहस्थ एकदम ‘वा’ म्हणाले. तुझा मला किती आधार आहे हे तुला कळत नाही.

घरात धांदल आहे. पडदे उतरवून पुन्हा लावले, खिडक्या, पंखे, माळा, सगळं काढलं आहे. मावशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथेच असतात. जरा लंगडतात, पण त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. मी त्यांना म्हटलं आहे, एवढे पाहुणे होऊन जाऊ द्या, मग पंधरा दिवस हक्काची सुट्टी घ्या.

त्या बाईंना तुझा निरोप दिला. त्यांना फार धीर आला.

दादा

*

३ मार्च

आत्या,

हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे. फोनवर मला बोलता येत नाही, घरात सगळे असतात आणि मला मध्येच रडू येतं.

समोरच्या इमारतीत कुठल्याही बाई नाहीत. त्या आपल्या मावशी.

मी सुरुवातीपासून सांगते. जानेवारीत मावशींच्या अंगठ्याला चीर पडली. ओल्यात काम करून चिघळली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, या आठवड्यात अंगठा काढू, नाहीतर वर चढेल. मावशी त्यांना म्हणाल्या, थांबा, आमच्या ताई परदेशात मोठ्या डॉक्टर आहेत, त्यांच्या सहीशिवाय ऑपरेशन होत नाही, त्यांना विचारून येते. आणि घरी येऊन बाबांना म्हणाल्या, दादा, ताईंना पत्र टाका. त्या म्हणतील तसं करू. रोज यायच्या आणि विचारायच्या, ताईंचं आलं का?

तुमचं पत्र आलं तेव्हा मी तिथेच होते. बाबांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मावशी फडकं हातात घेऊन समोर उभ्या. बाबा म्हणाले, ताई म्हणते मलम लावा, पट्टी बांधा, महिनाभर थांबायला हरकत नाही. मावशींनी पत्राला हात लावून तो कपाळाला लावला. मला खरं वाटलं, आत्या. मी कशाला खोटं समजू?

वीस तारखेला पाहुणे पुढच्या खोलीत बसले होते, तुमच्या फोटोखाली. मुलाचे वडील फोटोकडे बघून काहीतरी चांगलं बोलत होते. आत भांडी पडल्याचा आवाज झाला. मी धावले. मावशी ओट्याजवळ पडल्या होत्या, अंग भाजत होतं, आणि पट्टीचा वास येत होता. मी ओरडले, बाबा! बाबा आले, बघितलं, आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बाहेरून. पाहुणे चहा संपवून जाईपर्यंत मी आणि आई आत मावशींचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. आई दार वाजवायला उठली नाही. मीही उठले नाही. तेवढं पाप माझंही आहे.

त्यांचा पाय गुडघ्याखाली काढला.

काल बाबांच्या कपाटात माझा दाखला शोधताना तुमचं पत्र सापडलं. ‘उद्या नाही, आज जा.’ मी ते तीनदा वाचलं. मग त्या मंडळींना मीच नकार कळवला. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

चिंगी

*

१२ मार्च

दादा,

माझं पत्र तुझ्या हातात होतं. मावशी समोर उभ्या होत्या. मी लिहिलं होतं, जसाच्या तसा निरोप दे. त्यात वाचायला अवघड असा एकही शब्द नव्हता.

तुझ्या जिभेवर ‘मलम’ कुठून आलं? ‘महिनाभर’ कुठून आलं? पाहुणे वीस तारखेला होते म्हणून? खिडक्या पुसायच्या राहिल्या होत्या म्हणून?

तू माझ्या तोंडून त्यांना थांबा म्हणालास. मी फरशी पुसते हे सांगायची तुला लाज वाटली, पण मी डॉक्टर होऊन त्यांचा पाय घालवला हे चाललं. मला चीड येते ती आता कागदावर मावत नाही. काल थिएटर दोनमधून एक जड पिशवी मी दोन्ही हातांनी उचलून नेली आणि जिन्यात बसून राहिले. ती कुणाची होती मला माहीत नाही. मला ती मावशींचीच वाटली.

दार लावलंस. बाहेरून. तुला आपल्या बाबांचं तोंड तरी आठवलं का?

मावशींना मी वेगळं पत्र पाठवते आहे, चिंगीकडे. तू उघडू नकोस.

*

२४ मार्च

छोटी,

तुझं पत्र घरात कुणाला दाखवलं नाही. दाखवायला उरलंय कोण? चिंगी ताट खोलीत नेते. वहिनी फक्त ‘वाढू का’ एवढंच विचारते.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मी पत्र वाचलं. ‘आज जा’ हेही वाचलं. पण त्याच्या आधीची ओळ होती ना, ‘मी डॉक्टर नाही, मी फरशी पुसते.’ मावशींना काय सांगू? फरशी पुसणाऱ्या बाईने कळवलं आहे, असं? त्या म्हणाल्या असत्या, मग ताई डॉक्टर नाहीत? दुपारपर्यंत सगळ्या जिन्यात झालं असतं, आणि संध्याकाळपर्यंत पाहुण्यांच्या कानावर. तोंडातून मलम निघून गेलं. एकदा निघालं ते गिळता येईना. मला खरंच वाटलं होतं, महिन्याने काय होतं! मी काय त्यांचा वैरी आहे?

आणि तूही थोडी शांत हो. सहीचं कौतुक तूच लिहिलं होतंस. तुला कुणी विचारलं होतं? नुसतं ‘हॉस्पिटलमध्ये असते’ एवढं लिहून थांबली असतीस तर ही वेळ आली नसती.

हे लिहिलं आणि वाचलं. खोडत नाही. मी कसा माणूस आहे ते तुलाही दिसू दे.

दार मी का लावलं, ते मला सांगता येत नाही. हात आपोआप गेला.

जे करायचं ते सगळं केलं. टॅक्सी मी आणली. हॉस्पिटलात रात्रंदिवस वहिनी बसली. फॉर्म मी भरला. नातं विचारलं, तिथे आधी ‘मालक’ लिहिलं, मग खोडून ‘घरचे’ लिहिलं. पत्ता विचारला तेव्हा आपलाच लिहिला. मी विचार केला, आपलं माणूस आहे, आपलाच पत्ता.

फोटो काढला आहे. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे. वहिनी दुसरी बाई शोधते आहे, घर पडून आहे.

दादा

*

२० एप्रिल

ताई,

मी मावशी. चिंगी लिहिते आहे. तिला सांगितलं आहे, मी बोलते तसं लिही, सुधारायला जाऊ नको. ती माझ्या खोलीत खाली बसली आहे आणि मी खाटेवर, म्हणून तिला अवघडल्यासारखं होतंय. होऊ दे.

तुमचं पत्र तिने वाचून दाखवलं. तीन पानं. माफी, माफी, माफी. मला एवढी माफी ठेवायला जागा नाही, ताई. माझी खोली लहान आहे.

दादांवर तुम्ही चिडलात ते बरं केलंत. मी पण चिडले आहे. हॉस्पिटलात ते समोर आले तेव्हा मी तोंड फिरवलं. फळं आणली होती, शेजारच्या पेशंटला दिली. वीस वर्षं त्यांचं घर माझ्या हाताखालून गेलं. कुठल्या कपाटामागे काय पडलंय ते त्यांना नाही, मला माहीत. आणि मी पडले तर दार लावून घेतलं. ते मी विसरणार नाही. मरताना पण नाही विसरणार.

पण त्या तीन पानांत तुम्ही लिहिलंय, आपल्याकडे मावशी पुसायला आल्या की सगळे पाय वर घेतात. सगळे म्हणजे कोण? तुम्ही पण घ्यायचात. पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत. मुलांच्या वह्या तपासत असायचात. मी खुर्चीपाशी आले की पाय वर, आणि पेन चालूच. एकदा पण माझ्याकडे बघितलं नाहीत. मी तुमच्या तळव्यांना ओळखते, तोंडापेक्षा जास्त. आता तुम्ही लांब जाऊन बूट घातलेत तेव्हा माझे पाय आठवले. तुम्ही इथे होतात तेव्हा दोन होते.

हे बोलायचं होतं, बोलले. आता दुसरं.

चिंगीने मला ते पत्र पण वाचून दाखवलं, दादांनी दडवलेलं. त्यात तुम्ही लिहिलंय, मी डॉक्टर नाही, फरशी पुसते, पिशवी मी उचलते, आज जा. ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळी खोली शिव्यांनी भरली, चिंगीने कान झाकले. अहो, तेच तर मला पाहिजे होतं! डॉक्टरचं मी ऐकलंच नव्हतं. डॉक्टर टेबलाच्या पलीकडे बसून बोलतो, माझ्या पायाकडे न बघता लिहितो. त्याच्यावर माझा भरवसा नव्हता म्हणून तर तुम्हाला विचारलं. मला जर सांगितलं असतं की ताई तिकडे फरशी पुसतात आणि कापलेलं काय बाहेर जातं ते स्वतःच्या हातांनी उचलतात, तर मी फडकं तिथेच टाकून त्याच पावली गेले असते. पुसणाऱ्या बाईला कोण खोटं सांगणार? तिलाच तर सगळं दिसतं. दादांना वाटलं मी फरशीवालीचं ऐकणार नाही. ते ऐकत नाहीत म्हणून.

मला आता काम मिळायचं नाही. लेकीकडे जाणार नाही, तिची सासू मला जेवताना बघते. चिंगी म्हणते, बसून शिवायचं शिका, ती मशीन बघते आहे. बघू. तिच्या आईने निरोप पाठवलाय, बसून भाजी निवडायला या. सांगा त्यांना, मावशी आता खाली बसू शकत नाही. खुर्ची लागेल.

एक काम करा. माफी परत पाठवू नका. तो फोटो पाठवा, अख्खा, बादलीसकट. मला माझ्या खोलीत लावायचा आहे. बायका विचारतील तेव्हा मी सांगणार आहे, ह्या आमच्या ताई, पुसायचं काम करतात, आणि ह्यांनी सही केल्याशिवाय तो बाजूचा माणूस आत जाऊ शकत नाही.

आणि दादांच्या घरी पाठवू नका. हॉस्पिटलच्या कागदावर त्यांनी स्वतःचाच पत्ता घातला. सोडलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या गाडीवाल्याने मला तुमच्या दारात उतरवलं आणि निघून गेला. मी त्या पायरीवर बसले होते, एका पायाची, जिथे वीस वर्षं चप्पल काढत होते. आतून कुणी येईपर्यंत. मग वहिनींनी रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्याने विचारलं, कुठे सोडू? वहिनी दादांकडे बघायला लागल्या, दादा वहिनींकडे.

तर माझ्या घरी पाठवा. माझा पत्ता तुमच्याकडे नसेल, वीस वर्षांत कुणी विचारला नाही. चिंगीला आत्ताच सांगितला, ती खाली लिहिते आहे.

मावशी